बी. ए. प्रथम वर्ष, अर्थशास्त्र : अभ्यासाची सुरुवात नेमकी कुठून करावी?

दुधनाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बारावी कला शाखा, मराठी माध्यम. गणित दहावीनंतर सुटलं. यंदा बी. ए. प्रथम वर्षाला अर्थशास्त्र घेतलंय, कॉलेज नांदेडच्या विद्यापीठाशी संलग्न आहे. तास सुरू व्हायला पंधरा दिवस आहेत. गणित किती लागतं, कुठलं लागतं? पुस्तकं मराठीतून वाचावीत की इंग्रजीतून? सोबतचे विषय निवडताना काय बघावं? आणि पहिल्या दोन महिन्यांत असं काय केलं म्हणजे पुढची तीन वर्षं जड जाणार नाहीत? बाकीची पोरंही हेच विचारायलेत, म्हणून उत्तरं जरा सविस्तर द्या ही विनंती.

आलेखवही

आधी गणिताचं सांगतो, कारण भीती तिथलीच असते आणि ती फार लवकर घालवता येते.

पहिल्या वर्षाला लागणारं गणित बहुतांश आठवी ते दहावीच्या पुस्तकांत आहे. सरळ रेषेचं समीकरण, दोन चलांची एकसामयिक समीकरणं, शेकडेवारी, गुणोत्तर, त्रिकोणाचं क्षेत्रफळ आणि आलेखकागदावर बिंदू मांडणं. एवढंच. रोज चाळीस मिनिटं, चार आठवडे. पहिला आठवडा शेकडेवारीला द्या, दुसरा रेषा आणि उताराला, तिसरा एकसामयिक समीकरणांना. चौथ्या आठवड्यात हे तिन्ही मागणी-पुरवठ्याच्या उदाहरणांवर वापरा. अवकलन त्यानंतर. तेही फक्त घातांकाचा नियम, म्हणजे क्ष वर्गाचं २क्ष होतं इथपासून.

शेकडेवारी आपल्याला येते असं सगळ्यांना वाटतं. हे करून बघा. निर्देशांक १२५ वरून १५० झाला, तर वाढ किती? बरेच जण २५ टक्के लिहितात. वाढ २५ अंकांची आहे, टक्के मात्र २० (२५ भागिले १२५). महागाईचा दर ६ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आला, तर तो २ टक्के-अंकांनी उतरला. आणि तो उतरला म्हणजे वस्तू स्वस्त झाल्या असं नाही. भाव वाढतच आहेत, वाढीचा वेग कमी झालाय. रिझर्व्ह बँकेचं लक्ष्य ४ टक्के, वर-खाली २ टक्क्यांची मुभा, हे पुढे शिकाल. पण हा फरक आत्ता पक्का नसेल तर ते प्रकरण नुसतं पाठ होईल.

तिसरं उदाहरण. मजुरी ३०० वरून ३३० झाली, म्हणजे १० टक्के वाढ. भाव ६ टक्क्यांनी वाढले. खरी वाढ किती? घाईघाईत ४ लिहितात. बरोबर उत्तर १.१० भागिले १.०६, म्हणजे १.०३७७, म्हणून सुमारे ३.८ टक्के. आकडे लहान असले की वजाबाकी चालून जाते, मोठे झाले की फसवते.

मोंढानाका

@आलेखवही, सगळं मान्य, पण क्रम पटला नाही. आधी महिनाभर नुसतं गणित म्हटलं की पोरं दुसऱ्याच आठवड्यात वही मिटतात. आधी बाजार घ्या. त्यात गणित लागेल तेव्हा ते आपोआप शिकलं जातं.

आपल्या भागात तर उदाहरण शोधायला जावंच लागत नाही. लातूर, जालना, परभणी, कुठल्याही मोंढ्यावर (धान्याच्या बाजारात) जा. सोयाबीन घ्या. आकडे हिशोबाला सोपे पडावेत म्हणून मी बनवलेत. किंमत (कि) शंभर रुपये प्रति क्विंटलमध्ये, नग हजार क्विंटलमध्ये.

मागणी : मा = १५० − २कि
पुरवठा : पु = −३० + २कि

दोन्ही बाजू सारख्या केल्या की १८० = ४कि, म्हणून कि = ४५. भाव ४,५०० रुपये, उलाढाल ६० हजार क्विंटल. झाली एकसामयिक समीकरणं.

आता हमीभाव आणा. खरीप २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये होता. आपण ५३ धरू. या भावाला व्यापारी घेणार ४४, शेतकरी आणणार ७६. मागे उरले ३२. पुस्तकात इथे लिहिलेलं असतं की किमान किंमत ठरवली की अतिरिक्त पुरवठा होतो. पण मोंढ्यावर सोयाबीन हमीभावाखाली विकलं जातं, मग पुस्तक चुकलं का? नाही. किमान किंमत टिकण्यासाठी उरलेले ३२ च्या ३२ कुणीतरी उचलावे लागतात. सरकारी खरेदी केंद्रांनी समजा १२ च उचलले, तर पु − मा = १२, म्हणजे ४कि − १८० = १२, कि = ४८. भाव ४,८०० ला थांबला. कागदावर हमीभाव ५,३००, पट्टीवर (विक्रीच्या पावतीवर) ४,८००.

हे उदाहरण एकदा स्वतःच्या हाताने सोडवलं की किंमत नियंत्रणाचं अख्खं प्रकरण समजलं. हमीभावाची शिफारस कोण करतं (कृषी मूल्य व किंमत आयोग, १९६५ पासून), मंजुरी कोण देतं (केंद्रीय मंत्रिमंडळाची आर्थिक व्यवहार समिती), हे त्याला नंतर जोडा.

ज्वारी_बाजरी

वाखु (वाचनखूण) साठवली. हे ४८ चं उत्तर कुठल्याच गाईडात नसतं.

तेरणा

@मोंढानाका, उदाहरण छान, पण एक दुरुस्ती हवी. तुमचा पुरवठा किमतीबरोबर वाढतो. पेरणीच्या आधी ते खरं आहे, कारण तेव्हा शेतकरी ठरवू शकतो सोयाबीन पेरायचं की कापूस. ऑक्टोबरात माल काढून झाल्यावर पिकलं तेवढं पिकलं. त्या पंधरवड्यात पुरवठ्याची रेषा जवळजवळ उभी असते. सोयाबीनला ओलावा १२ टक्क्यांपर्यंत लागतो, वाळवायला जागा नसते, दुकानदाराची उधारी असते. थांबणार कोण?

तर पुरवठा ७६ वर उभा धरा. मागणी तीच. १५० − २कि = ७६, कि = ३७. भाव ३,७०० ला आला. आता सरकारने तेवढीच, म्हणजे १२ ची खरेदी केली तर व्यापाऱ्यांकडे जाणार ६४, म्हणून कि = ४३. तुमच्या उदाहरणात १२ च्या खरेदीने भाव ३०० रुपयांनी चढला, इथे ६०० ने. खरेदी तीच, परिणाम दुप्पट. म्हणून केंद्र कधी उघडतं याला इतकं महत्त्व आहे. अल्पकाळ आणि दीर्घकाळ यांतला फरक पुस्तकात दोन ओळींत आटोपलेला असतो. तो असा आकड्यांत बघावा.

मोंढानाका

@तेरणा, शंभर टक्के मान्य. दोन्ही रेषा एकाच आलेखावर काढा, तिरकी निळ्या पेन्सिलीने, उभी लाल.

बिंदुसरा

भाषेबद्दल कुणी बोललं नाही, म्हणून लिहिते.

मराठी माध्यमाच्या मुलांची खरी अडचण इंग्रजीपेक्षा वेगळी आहे. एकाच संकल्पनेला तीन-चार नावं आहेत. जुन्या मराठी पुस्तकांत अंशलक्षी आणि समग्रलक्षी, आता बालभारतीत सूक्ष्म आणि स्थूल, हिंदी पुस्तकांत व्यष्टि आणि समष्टि, इंग्रजीत मायक्रो आणि मॅक्रो. आपण लवचिकता म्हणतो, हिंदीत लोच. आपला समवृत्ती वक्र हिंदीत तटस्थता वक्र किंवा अनधिमान वक्र होतो. ही नावं एकच आहेत हे माहीत नसेल तर मूल एकच धडा तीनदा वाचतं आणि तीन धडे समजतं.

उपाय साधा आहे. शंभर पानी वही घ्या, पानावर तीन रकाने पाडा. पहिल्यात मराठी शब्द, दुसऱ्यात इंग्रजी शब्द उच्चार आणि स्पेलिंगसकट, तिसऱ्यात एका ओळीचं उदाहरण. तिसऱ्या रकान्यात व्याख्या लिहायची नाही. संधी खर्चासमोर लिहा, ‘एक एकरात हरभरा घेतला, म्हणून ज्वारी गेली. गेलेली ज्वारी हा हरभऱ्याचा संधी खर्च.’ रोज पाच शब्द. दोन महिन्यांत तीनशे होतात आणि पहिल्या वर्षाला तेवढे पुरतात.

मराठीतल्या काही जोड्या मुद्दाम बघून ठेवा, प्रश्न त्यांवरच येतात. ‘मागणीतील विस्तार’ आणि ‘मागणीतील वृद्धी’ बोलीभाषेत एकच वाटतात. किंमत उतरल्यामुळे जास्त नग मागितले तर विस्तार, आपण त्याच वक्रावर खाली सरकतो. उत्पन्न वाढलं, सण आला, आवड बदलली म्हणून जास्त मागितलं तर वृद्धी, अख्खा वक्रच उजवीकडे सरकतो. तसंच संकोच आणि ऱ्हास.

गोदाकाठ

@बिंदुसरा, वहीची कल्पना उत्तम. पण माझं स्पष्ट मत असं की पहिल्या दिवसापासून इंग्रजी पुस्तकच घ्यावं. पुढे एम. ए. च्या प्रवेश परीक्षा, नेट, भारतीय आर्थिक सेवा, सगळीकडे इंग्रजी लागतं. मराठीत तीन वर्षं काढली की नंतर दमछाक होते.

बिंदुसरा

@गोदाकाठ, पुढे इंग्रजी लागतं हे खरंच. पण पहिल्या सत्रात नवी संकल्पना आणि परकी भाषा, दोन्ही ओझी एकदम दिली की मूल दोन्ही टाकतं आणि गाईड उचलतं. त्यापेक्षा प्रकरण आधी मराठीत समजून घ्या, मग तेच इंग्रजीत वाचा. कळलेलं इंग्रजीत वाचायला निम्मा वेळ लागतो आणि अडलेल्या शब्दांचा अर्थ संदर्भावरून लागतो. दुसऱ्या सत्रात क्रम उलटा करा.

साहित्य फुकट आहे. बालभारतीची अकरावी-बारावीची अर्थशास्त्राची मराठी पुस्तकं ई-बालभारतीवर आहेत. एन. सी. ई. आर. टी. ची अकरावी-बारावीची पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर. इग्नूच्या ई-ज्ञानकोशावर बी. ई. सी. सी. १०१ हे सूक्ष्म अर्थशास्त्राचं, १०२ गणिती पद्धतींचं आणि १०३ स्थूल अर्थशास्त्राचं. प्रत्येक घटकाखाली सरावप्रश्न आहेत, शेवटी त्यांची उत्तरंही. एकट्याने अभ्यास करणाऱ्याला इतकं सोयीचं दुसरं काही नाही.

गोदाकाठ

मराठी आधी, इंग्रजी लगेच मागोमाग, असं असेल तर हरकत नाही. फक्त ‘लगेच’ म्हणजे त्याच आठवड्यात. सत्राअखेरीवर ढकललं की ते राहून जातं.

खामनदी

अभ्यासाइतकीच महत्त्वाची कागदपत्रांची बाजू. इथे चूक झाली तर वर्षभर खेटे घालावे लागतात.

नव्या शैक्षणिक धोरणात श्रेयांक म्हणजेच क्रेडिट मोजले जातात. एक श्रेयांक म्हणजे वर्गातले १५ तास, प्रात्यक्षिकाला ३०. चार श्रेयांकांचा पेपर म्हणजे ६० तास. हे श्रेयांक ‘अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ मध्ये जमा होतात, त्याचा क्रमांक डिजिलॉकरमधून काढता येतो. अडतं कुठे? नावात. बारावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधार कार्डावर ते शेवटी. ज्ञानेश्वर, वैष्णवी अशी नावं रोमन लिपीत दोन-तीन प्रकारे लिहिली जातात. स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक असला तरी जुळणी होत नाही. आधार आधी दुरुस्त करून घ्या, मग क्रमांक काढा. उलट केलं तर दोन्हीकडे दुरुस्ती करावी लागते.

महाडीबीटीचा (राज्य सरकारच्या शिष्यवृत्तीच्या संकेतस्थळावरचा) अर्ज प्रवेश झाला की त्याच आठवड्यात भरा. मागासवर्गीय विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, आर्थिकदृष्ट्या मागासांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, घर सोडून राहणाऱ्यांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. तुमच्या प्रवर्गाला कुठली लागू आहे ते तिथेच दिसतं. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला चालू वर्षाचा लागतो. पैसे अर्जात लिहिलेल्या खात्यात येतात असं समजू नका. आधारशी सगळ्यात शेवटी जे खातं जोडलं गेलं असेल, त्यात ते जातात. शाळेत असताना उघडलेलं आणि आता बंद पडलेलं खातं जोडलेलं असेल तर रक्कम परत फिरते. बँकेत जाऊन ‘आधार सीडिंग कुठल्या खात्याला आहे’ एवढंच विचारा. आणि अर्ज भरून विसरू नका. कॉलेजच्या पातळीवरून तो त्रुटीसाठी परत आलेला असू शकतो. दर आठवड्याला एकदा लॉगिन करून स्थिती बघा.

आलेखवही

@खामनदी, फार उपयोगाचं. नावाच्या गोंधळाचं तर प्रत्येक कॉलेजच्या फलकावर लावायला हवं.

सोबतच्या विषयांबद्दल. संख्याशास्त्र किंवा गणित मिळत असेल तर डोळे मिटून घ्या. खुल्या ऐच्छिकात असेल तरी घ्या. कला शाखेच्या कॉलेजात बहुतेक ठिकाणी ते नसतंच, मग भूगोल किंवा राज्यशास्त्र. भूगोलात नकाशा आणि लोकसंख्येचे तक्ते हाताळायची सवय लागते. राज्यशास्त्राचा सार्वजनिक वित्त शिकताना उपयोग होतो. कौशल्याच्या पेपरात संगणकावर तक्ते करण्याचा पर्याय असला तर तो सोडू नका. पुढे भारतीय आर्थिक सेवेला पदव्युत्तर पदवी लागते, आणि पदव्युत्तरच्या चांगल्या प्रवेश परीक्षांत कलन व संख्याशास्त्र विचारतातच.

ज्वारी_बाजरी

अवांतर : अर्थशास्त्राची पुस्तकं वाचताना सगळी उदाहरणं पिझ्झा आणि कॉफीची. मराठवाड्यात मजुरांच्या बाजारासाठी काय उदाहरण घ्यावं?

बिंदुसरा

ऊसतोड घ्या. बीड जिल्ह्यातून दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात. पुस्तकात श्रमाचा नग म्हणजे एक माणूस, एक तास. इथे नग म्हणजे ‘कोयता’, आणि एक कोयता म्हणजे बहुधा नवरा-बायको दोघं. मजुरी टनावर. मुकादमाकडून उचल आधी घेतलेली, ती हंगामभर फेडायची. आता विचार करा, उचल घेतल्यावर दुसऱ्या कारखान्याने जास्त दर दिला तरी मजूर जाऊ शकतो का? नाही. म्हणजे श्रमाचा पुरवठा त्या हंगामापुरता बांधला गेला. पूर्ण स्पर्धेच्या गृहीतकांपैकी ‘घटकांची मुक्त गतिशीलता’ हे गृहीतक इथे नेमकं कुठे मोडतं, ते यावरून लिहिता येतं. आणि कोयता हा नग असल्याने बाईची मजुरी वेगळी मोजलीच जात नाही, हेही त्याच उत्तरात यायला हवं.

तेरणा

पैशाच्या प्रकरणासाठी अजून एक आपल्याच घरातलं. हैदराबाद संस्थानात हाली सिक्का चालायचा आणि इंग्रजी मुलखातला रुपया तो कलदार. साधारण ७ हाली बरोबर ६ कलदार. म्हणजे मराठवाड्यातल्या व्यापाऱ्याला मुंबईहून माल आणायचा तर विनिमय दराचा हिशोब करावा लागे. विनिमय दर म्हणजे डॉलर असं डोक्यात बसलेलं असतं, ते इथे सुटतं. २१० हाली म्हणजे किती कलदार? १८०. करून बघा.

याच अंगाने डॉ. आंबेडकरांचं अर्थशास्त्र बघा. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा ग्रंथ १९२३ चा. त्याआधी १९१८ मध्ये त्यांनी भारतातल्या लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला. जमिनीचा तुकडा लहान आहे याहून मोठा प्रश्न जमिनीवर विसंबणारी माणसं फार आहेत हा, आणि त्याला उत्तर औद्योगिकीकरण, अशी त्यांची मांडणी होती. छुप्या बेरोजगारीचा धडा वाचताना तो निबंध शेजारी ठेवा.

गोदाकाठ

आणि रोजगार हमी राहिली की. १९७२ च्या दुष्काळातली कामं, वि. स. पागे यांची कल्पना, १९७७ चा कायदा. त्यातली आर्थिक युक्ती बघण्यासारखी आहे. गरीब कोण हे ठरवायला कार्ड नाही, यादी नाही. उन्हात खडी फोडायचं काम आणि साधी मजुरी. ज्याला खरी गरज आहे तोच येतो. लाभार्थी स्वतःच स्वतःला निवडतो. दुसऱ्या बाजूने त्या मजुरीखाली गावात कुणी राबायला तयार होत नाही, म्हणजे मजुरीला तळ मिळतो. वर सोयाबीनच्या उदाहरणात होता तोच तळ, आणि अटही तीच : मागेल त्याला खरोखर काम मिळालं तरच तो टिकतो.

मोंढानाका

@गोदाकाठ, हमीभाव आणि रोजगार हमी एकाच आकृतीत बसवता येतात हे मुलांना दाखवायलाच हवं.

आता आकडेवारीकडे वळतो. राज्याचं अर्थ व सांख्यिकी संचालनालय दरवर्षी अर्थसंकल्पाच्या तोंडावर ‘महाराष्ट्राची आर्थिक पाहणी’ काढतं. मराठीत, फुकट. पहिल्याच सत्रात तिच्यातला दरडोई जिल्हा उत्पन्नाचा तक्ता काढा. मराठवाड्याचे आठ जिल्हे एका रकान्यात, राज्याची सरासरी शेजारी, आणि प्रत्येक जिल्हा सरासरीच्या किती टक्के आहे ते काढा. लिब्रे ऑफिसमध्ये अर्ध्या तासाचं काम. मोबाइलवरही होतं.

दोन ठिकाणी घसरायला होतं. एक, चालू किमती आणि स्थिर किमती असे दोन तक्ते असतात. वेगवेगळ्या वर्षांची तुलना करायची तर स्थिर किमती घ्यायच्या. दोन, राज्याची सरासरी मुंबई आणि आजूबाजूच्या जिल्ह्यांमुळे वर ओढली जाते. म्हणून बहुतेक जिल्हे ‘सरासरीपेक्षा खाली’ दिसतात. सगळ्या जिल्ह्यांचा मध्यक (क्रमाने मांडल्यावर मधोमध येणारा आकडा) काढून त्याच्याशीही ताडून बघा. वि. म. दांडेकर समितीने १९८४ च्या अहवालात अनुशेष मोजला तो राज्याच्या सरासरीपासून. सरासरी धरायची की दुसरं काही, या एका निवडीवर कुणाला किती पैसा मिळणार हे ठरतं. अनुशेष हा शब्द आपण रोज ऐकतो, तो मोजतात कसा हे या निमित्ताने कळेल.

खामनदी

परीक्षेबद्दल थोडं. आकृतीला बरेच गुण असतात आणि तीच घाईत काढली जाते. आकृती पानाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी हवी. पेन्सिल, पट्टी. दोन्ही अक्षांना नावं, आरंभबिंदूला शून्य, वक्राच्या टोकाला त्याचं नाव, समतोलापासून दोन्ही अक्षांपर्यंत तुटक रेषा. अक्षांना नाव न देता आकृती काढणं म्हणजे नवरा-नवरीच्या नावाविना लग्नपत्रिका छापणं. खाली तीन-चार ओळींत आकृती शब्दांत सांगा : आडव्या अक्षावर काय, उभ्यावर काय, काय बदललं, नवा समतोल कुठे. आणि ‘इतर परिस्थिती कायम असता’ ही अट नियमाच्या वाक्यात आलीच पाहिजे.

सरासरी आणि सीमांत (एक नग वाढवल्याने पडणारी भर) वक्रांची आकृती तर हमखास चुकते. लक्षात ठेवायची खूण : तीन चाचण्यांची सरासरी १२, चौथीत ८ पडले, सरासरी ११ झाली. नवा आकडा सरासरीच्या खाली असेल तोवर सरासरी उतरते, वर गेला की चढते. म्हणून सीमांत खर्चाचा वक्र सरासरी खर्चाच्या वक्राला त्याच्या सगळ्यात खालच्या बिंदूतच छेदतो. डावीकडे-उजवीकडे कुठेही छेदलेला दाखवला की गुण गेले.

दुधनाकाठ (धागाकर्ता)

सगळ्यांचे मनापासून आभार. वही केली, तीन रकाने पाडले. मोंढानाका आणि तेरणा यांचं सोयाबीनचं उदाहरण आलेखकागदावर काढलं. मग पुस्तकातलं सूत्र घेऊन ४५ या किमतीला मागणीची लवचिकता (किंमत एक टक्क्याने बदलली की मागणी किती टक्क्यांनी बदलते ते) काढली. आलेखावरून रेषेचा उतार मोजला तर उभ्या अक्षावर १ खाली आलं की आडव्या अक्षावर २ पुढे, म्हणून उतार −०.५. तो ४५ भागिले ६० ने गुणला, उत्तर −०.३७५ आलं. म्हणजे १ पेक्षा कमी, म्हणून मागणी अलवचिक. बरोबर आहे का?

आलेखवही

चूक आहे, पण इतकी मोलाची चूक आहे की सगळ्यांनी बघावी.

लवचिकतेच्या सूत्रात हवा असतो तो नगांतला बदल भागिले किमतीतला बदल. तू आलेखावर मोजलास तो किमतीतला बदल भागिले नगांतला बदल, कारण अर्थशास्त्रात किंमत उभ्या अक्षावर घेतात. गणिताच्या तासाला जे बदलतं ते आडव्यावर आणि त्यामुळे जे बदलतं ते उभ्यावर. आपल्याकडे अर्थशास्त्रज्ञ मार्शलपासून चालत आलेली रीत उलटी आहे. म्हणून आलेखावरचा उतार सूत्रात घालताना उलटा करायचा. समीकरणातून घेतलास तर प्रश्नच येत नाही : मा = १५० − २कि, इथे −२ समोरच आहे. −२ गुणिले ४५ भागिले ६० म्हणजे −१.५. मागणी लवचिक आहे.

आता कि = ३७, मा = ७६ ला काढून बघ.

दुधनाकाठ (धागाकर्ता)

−२ गुणिले ३७ भागिले ७६ = −०.९७. रेषा एकच, उतार तोच, तरी लवचिकता वेगळी?

आलेखवही

हेच बघायचं होतं. सरळ रेषेवर उतार सगळीकडे सारखा, लवचिकता प्रत्येक बिंदूला वेगळी. वरच्या टोकाकडे जास्त, खाली कमी. ‘सपाट वक्र म्हणजे लवचिक’ असं सरसकट लिहितात ते म्हणून चुकतं. दोन वेगळ्या बिंदूंमधली काढायची असेल तर दोन्हींची सरासरी पाया धरायची, नाहीतर जाताना एक उत्तर येतं आणि येताना दुसरं. किंमत २० वरून ३०, नग ६० वरून ४० : जुना पाया धरला तर ०.६७, उलट दिशेने १.५, सरासरी धरली तर दोन्हीकडून १.

तेरणा

@दुधनाकाठ, आता शेवटची पायरी तूच कर. मोंढानाकांच्या आकड्यांत ४५ गुणिले ६० म्हणजे २,७०० लाख, २७ कोटी. माझ्या भरघोस पिकात ३७ गुणिले ७६ म्हणजे २,८१२ लाख. पीक वाढलं, भाव पडला, तरी हातात पैसा थोडा जास्तच. मोंढ्यावर असं सहसा घडत नाही. कारण आम्ही घेतलेली मागणी जास्तच लवचिक आहे. मागणी मा = १०५ − कि अशी घे. ४५ ला ती ६० च देते. आता पीक ७६ झालं तर काय होतं?

दुधनाकाठ (धागाकर्ता)

१०५ − कि = ७६, म्हणून कि = २९. ४५ ला लवचिकता −१ गुणिले ४५ भागिले ६० = −०.७५. आणि एकूण रक्कम २९ गुणिले ७६ = २,२०४ लाख. म्हणजे १६ हजार क्विंटल जास्त पिकूनही जवळपास पाच कोटी कमी आले.

तेरणा

बरोबर. आता हेच २९ ला, सरकारने १२ घेतल्यावर काय होतं ते काढ, आणि आकृती इथे टाक. अक्षांना नावं देऊन.